आमची वाटचाल : भाताच्या खाचरातून वाशीच्या मार्केटात

मुरबाडकडच्या आमच्या शेतात भात कापला की वाल नाहीतर हरभरा, एवढंच ठरलेलं. त्यातलं दोन एकर आम्ही दोघा भावांनी टोमॅटोला काढलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "वाल निदान घरात तरी खाता येतात."

पहिल्या वर्षी झाडं कमरेच्या वर गेली, पानं गर्द हिरवी. युरियाला आमचा हात सैल होता. झाडाने सगळं बळ पाल्यात घातलं, फुलं गळाली आणि धरलेल्या फळांच्या बुडाला काळे, खोलगट डाग पडले. रोग समजून आम्ही बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या केल्या. पण तो रोग नव्हताच, फळाला कॅल्शियम कमी पडत होतं. कॅल्शियम पाण्याबरोबर झाडात चढतं, आणि आम्ही चार दिवस पाणी तोडून पाचव्या दिवशी तुंबवत होतो. वाशीत डागी कॅरेट बाजूला काढले गेले. शीळ रस्त्याने परतताना गाडीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी आधी माती तपासून घेतली. मग गादीवाफे (उंच केलेले वाफे), ठिबक, मल्चिंग (वाफ्यावर आच्छादन). संकरित वाणाला हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० स्फुरद, १५० पालाश अशी शिफारस आहे. तिला माती परीक्षणाची जोड दिली आणि नत्र हप्त्याहप्त्याने सोडलं. सुरुवातीला १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत; फळ फुगताना ००:००:५०, म्हणजे या तिन्हींपैकी फक्त पालाश. कॅल्शियम नायट्रेट मात्र कायम वेगळ्या दिवशी. फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतात ते मिसळलं की टाकीत पांढरा साका धरतो आणि ड्रीपर बंद पडतात. टोमॅटो लावणाऱ्या नव्या माणसाला मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण त्यात खत आणि ठिबक दोन्ही जातं.

भाव आमच्या हातात नाही. भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही, अशी वर्षं आम्ही काढली आहेत. म्हणून आता थोडा माल ठाण्यातल्या सोसायट्यांना थेट देतो. त्यांना लाल फळ लागतं, वाशीला जाणारं रंग फुटतानाच तोडावं लागतं.

शेजारच्या शेतकऱ्यांचा मालही आमच्याच पडवीत निवडला जातो. तळाला आणि वर एकच प्रत, यात आम्ही तडजोड करत नाही. निवडणाऱ्या बायकांना कॅरेटमागे पैसे न देता रोजाने देतो, कुणाला घाई व्हायला नको.