कोकणातला शेतकरी टेन्शन घेत नाही म्हणे

कुठल्याही पक्षाचा माणूस आमच्याकडे स्टेजवर चढला की एक वाक्य हमखास येतं, कोकणातला शेतकरी कधी आत्महत्या करत नाही. टाळ्या पडतात. माझा नवरा पण वाजवतो. आता विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने आमच्याकडे असे प्रकार कमीच आहेत, देवाची कृपा, पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते आता प्रत्येकाला पाळावं लागतं. कोकणी माणूस खचत नाही म्हटल्यावर खचलेल्याने तोंड उघडायचं कुठे? शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारने प्रेरणा प्रकल्प काढला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी, तिकडे गरज मोठी होती त्याबद्दल तक्रार नाहीच, पण आमच्याकडे आरोग्य खात्याचं माणूस घरी आलं तरी बीपी-शुगर विचारलं की झालं, पुढचं घर.

आमची देवगडला हापूसची बाग आहे. सासऱ्यांनी कातळ फोडून, बाहेरून माती आणून एकेक कलम लावलेलं. लोकांना वाटतं आंबा म्हणजे बसून पैसा. अहो कमाई मार्च ते मे, आणि खर्च पावसाळ्यापासून चालू, खत, मोहोर लवकर यावा म्हणून घालायचं कल्टार, साफसफाई, राखणीचे गुरखे, मग मोहोर आला की फवारण्या सुरू, त्या किती होतील हे देवालाही सांगता येत नाही. फेब्रुवारीत माझा नवरा सकाळी चहा न घेता पांढरा कागद घेऊन बागेत जातो. मोहोर कागदावर झटकायचा आणि वाकून बघत राहायचं, पिवळट बारीक काही वळवळतंय का. थ्रिप्स, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे किडे, दिसले की तो दिवस गेला, जेवताना पण समोरचा माणूस दिसत नाही त्याला. महागाचं औषध मारायचं, चार दिवस बरे, परत कागदावर तेच. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरं, युट्यूबवाला तिसरंच.

त्यात थंडी लांबली की वाटाण्याएवढी फळं धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची फळं गळून जातात. झाड बाहेरून बघाल तर काय सुंदर फुललेलं! गाडी थांबवून फोटो काढतात लोक. आणि हा तिथेच खाली गळ बघत उभा.

माकडांवर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल. खातात त्याचं काही नाही हो, एक चावा घेऊन फेकतात त्याने जीव जळतो.

विमा आहे, पण तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो, आमच्या झाडाखाली काय पडलंय त्यावर नाही. कातळावर आंबा भाजला तरी त्या मशीनला पण तसं वाटलं पाहिजे ना. आणि वाशीच्या व्यापाऱ्याकडून ॲडव्हान्स गणपतीआधीच उचललेला असतो, म्हणून पेटी तिकडेच घालायची आणि काय भाव लागला ते पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा विक्रीचा हिशोब, आल्यावर कळणार. पट्टी हल्ली व्हॉट्सॲपवर येते. तो ती उघडतच नाही, फोन माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, तू बघ आणि नुसता बरा की वायट ता सांग.

वाऱ्याचं तर विचारूच नका. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हापासून रात्री वारा सुटला की हा उठून बसतो. रायगडातली माझी मावशी सांगते, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्याकडे माड-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि सुपारी काही लावली की पुढच्या वर्षी धरत नाही, वर्षानुवर्षं वाट बघायची. नुकसानभरपाई मिळते ती त्या दिवसाची, त्या वर्षांचं कोण काय देणार.

हे सगळं बोलायचं कुणाशी? नाक्यावर कुणी म्हटलं की झोप लागत नाही, तर पहिला जोक ठरलेला, "रत्नागिरीक न्हेऊया काय तुका?" राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे ना, म्हणून. त्यामुळे आमचे पुरुष पोटातून आजारी पडतात. पित्त, गॅस, छातीत जळजळ, मान धरली. नाहीतर संध्याकाळची बाटली. देवळातलं गाऱ्हाणं मला त्यासाठीच आवडतं, तिथे तुमचं दुखणं दुसराच कुणीतरी मोठ्याने मांडतो आणि तुम्ही फक्त हात जोडून उभं राहायचं, व्हय महाराजा. पण देवळात झोपेच्या तक्रारीचं गाऱ्हाणं कोण घालतो?

शेवटी पित्ताच्या गोळ्या देऊन देऊन आमचे डॉक्टरच कंटाळले आणि त्यांनी विचारलं की पहाटे जाग कितीला येते. हा गप्प. मीच सांगितलं, तीनला, आणि मग उजाडेपर्यंत मोबाईलवर हवामान. त्यांनी ओरोसला जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. ओरोस म्हटल्यावर तयार झाला, रत्नागिरी नाही ना! तिथे कळलं की झोप मोडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं, चिडचिड हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर त्याला स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्यावर इलाज असतो. गोळ्या चालू आहेत. फरक आहे, सगळा नाही. तिथल्या मॅडमनी मला बाजूला घेऊन अजून एक सांगितलं, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि चावी तुमच्याकडे. घाम फुटला मला ऐकून. पण त्याच दिवशी ठेवली. कुणी विचारलं तर सांगते, पोरं लहान आहेत.

आणि बायकांचं म्हणाल तर मजुरांची जेवणं, आंबा निवडून पेट्या भरणं, बचत गटाचा हप्ता, बँकेतून फोन आला की "ते बाहेर गेलेत" हे सगळं आमच्याकडे. सातबाऱ्यावर मुंबईतले सगळे चुलत दीर आहेत, मी नाही. त्यामुळे टेन्शनवर पण माझं नाव लागत नाही बहुतेक.

तर १४४१६ नंबर सेव्ह करून ठेवा. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी मी माझ्यासाठी लावला, मनसोक्त रडून घेतलं, मग एका रात्री ह्याला लावून दिला. पडवीत फेऱ्या मारत बराच वेळ बोलला, मी मुद्दाम आत थांबले. फोन ठेवायच्या आधी विचारतो काय, तर मॅडम, थ्रिप्सवर काय मारू? त्या बाई बिचाऱ्या म्हणाल्या, दादा, ते कृषी विभागालाच विचारा.