आपल्या स्मरणिकेत सर आर्थर लुईस

शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, गुरुजनांबद्दल बाकीचे लिहितीलच, म्हणून मी अशा एका माणसाबद्दल लिहितेय ज्यांचं अर्थशास्त्र मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवतेय आणि शिकवताना दरवेळी आपलीच वाडी आठवते. सर आर्थर लुईस, कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाचे.

भूगोलाच्या बाईंनी नकाशात वेस्ट इंडिज दाखवा म्हटलं की मुलं लगेच बोट ठेवायची, क्रिकेटमुळे. तो एक देश नाही, वेगवेगळी बेटं मिळून टीम करतात हे बाईंनीच सांगितलेलं. त्यातल्या सेंट लुशियात, कॅस्ट्रीजला, १९१५ साली लुईस जन्मले. आईवडील दोघंही शिक्षक, मूळचे अँटिग्वाचे. लहानपणी आजारी पडून घरी होते तेव्हा वडिलांनी रोज शिकवलं, तीन महिन्यांत एवढं झालं की शाळेने एकदम वरच्या इयत्तेत बसवलं. पण सात वर्षांचे असतानाच वडील वारले. पाच मुलगे, आणि आई एकटी. तिने सगळ्यांना मार्गी लावलं. शाळेत पोरं बायकांपेक्षा पुरुष श्रेष्ठ वगैरे बोलायला लागली की ही वेडी आहेत की काय असं वाटायचं, हे लुईसनी स्वतः लिहून ठेवलंय आणि मी ते प्रत्येक बॅचला सांगते.

चौदाव्या वर्षी शाळा संपली, पण स्कॉलरशिपच्या परीक्षेला वय कमी पडत होतं, मग सरकारी ऑफिसात कारकून. टायपिंग, फायली, पत्रव्यवहार. १९३२ ला स्कॉलरशिप मिळाली. इंजिनियर व्हायची इच्छा होती, पण काळ्या इंजिनियरला सरकारही घेणार नाही आणि गोऱ्यांच्या कंपन्याही, म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कॉमर्स घेतलं, १९३८ ला तिथेच शिकवायला लागले, तिथले पहिले कृष्णवर्णीय शिक्षक, आणि १९४८ ला मँचेस्टरला प्रोफेसर.

आता आपल्या वाडीचं. ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्याने चालताना त्यांना एकदम सुचलं की मजुरांची संख्या ठरलेली असते हे गृहीतकच सोडून द्यावं. शेतावर लागतात त्याहून जास्त माणसं घरात असतात, त्यातली दोन शहरात गेली तरी पीक तेवढंच येतं, आणि मागे आणखी माणसं तयार असल्यामुळे कारखान्याला मजुरी वाढवावी लागत नाही, मग नफा वाढतो, तो परत यंत्रांत जातो, आणखी माणसं कामाला लागतात, गावातली जास्तीची माणसं संपेपर्यंत हे असंच चालतं. १९५४ ला हा निबंध छापून आला. माझे आजोबा आणि काका लालबागच्या गिरणीत होते, एका खोलीत सगळे गाववाले पाळीपाळीने झोपायचे, महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि इकडे कुणग्यातलं भात तेवढंच निघायचं. पण ते काढायला आजी आणि काकू पहाटेपासून वाकलेल्या असायच्या. घरातल्या बायकांचं हे वाढलेलं काम त्या मॉडेलमध्ये दिसत नाही, हे मात्र मला खटकतं आणि वर्गात मी तसं बोलतेही.

एवढं नाव झाल्यावर माणूस मँचेस्टरलाच राहिला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण बोलावणं आलं की ते जात राहिले, याचंच मला जास्त अप्रूप आहे. १९५७ ला घानाला सल्लागार म्हणून गेले, तिथले पंतप्रधान एन्क्रुमा यांच्याशी खर्चावरून पटलं नाही तेव्हा निघाले. मग जमैकात युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख. तोवर डिग्री लंडनची मिळायची, १९६२ ला युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडिज स्वतंत्र झाली आणि लुईस तिचे पहिले कुलगुरू. त्यांच्याच काळात त्रिनिदादचं शेतकी कॉलेज युनिव्हर्सिटीत आलं. त्याच वेळी बेटांचं फेडरेशन, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला संघ, फुटत होतं, जमैका गेलं, मग त्रिनिदाद, आणि लुईस उरलेल्या आठ बेटांच्या पुढाऱ्यांना भेटत फिरत होते की निदान तुम्ही तरी एकत्र रहा. नाही जमलं. क्रिकेट टीम आणि युनिव्हर्सिटी मात्र बऱ्याच बेटांची मिळून आजही एकच आहे. १९६३ ला प्रिन्स्टनला गेले, तरी १९७० ला कॅरिबियन डेव्हलपमेंट बँक उभी करायला बार्बाडोसला आलेच, पहिले अध्यक्ष म्हणून. रिसर्चची एवढी वर्षं फायलींत गेली म्हणून हळहळणारे भेटतात, मला नाही तसं वाटत, त्या बेटांना तेव्हा निबंधापेक्षा युनिव्हर्सिटी आणि बँक जास्त हवी होती.

१९७९ ला थिओडोर शुल्ट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९१ ला बार्बाडोसला वारले, समाधी सेंट लुशियात, त्यांच्याच नावाच्या कॉलेजच्या आवारात. आणि लुईस शिकले त्याच कॅस्ट्रीजच्या सेंट मेरीज शाळेचे कवी डेरेक वॉलकॉट, वाढदिवसही तोच, २३ जानेवारी, त्यांना १९९२ ला साहित्याचं नोबेल मिळालं. एवढ्याशा बेटाची एक शाळा!

कार्यक्रमाला मी नक्की येतेय. मुख्याध्यापकांनी नववी-दहावीचा एक तास दिला तर फळ्यावर लुईसचं मॉडेल काढून दाखवीन, उदाहरणाला आपल्याच वाडीतली घरं घेऊन, आणि आज्यांच्या कामाचं काय करायचं ते मुलांनाच विचारीन.