न्यूव्ह-शापेलला जाऊन आलो

रविवार, रात्र.

आज न्यूव्ह-शापेलला जायचा योग आला. फ्रान्समधल्या लील शहराहून गाडीने फार लांब नाही, पा-द-काले भागातलं छोटं गाव, लाल विटांची घरं, चर्च, मेरी म्हणजे त्यांची ग्रामपंचायत, आणि बाकी नुसती सपाट शेतं. जुनं घर म्हणून काही दिसतच नाही, कारण पहिल्या महायुद्धात गाव पार भुईसपाट झालेलं, आत्ता दिसतंय ते सगळं नंतरचं बांधकाम.

मी पुण्याचा, खडकी म्हणजे रोजचा रस्ता, त्यामुळे मला मुख्य ओढ होती ती बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे खडकीला केंद्र असलेल्या लष्करी इंजिनियर पलटणीची. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर, ब्रिटिशांच्या बाजूने, जर्मनांच्या ताब्यातल्या या गावात घुसल्या. खरं म्हणजे ही पूल बांधणारी, खणकाम करणारी माणसं, पण माणसंच कमी पडत होती म्हणून संगिनी लावून पुढे काढली! घराघरात हातघाई झाली, गाव हातात आलं पण मागून कुमक नाही, मग सोडून मागे यावं लागलं आणि तोवर त्यांचे बहुतेक सगळे अधिकारी मारले गेले नाहीतर जखमी झाले. मराठा पलटणी मात्र इथे नव्हत्या, त्या मेसोपोटेमियात.

१० मार्च १९१५ ची मोठी लढाई त्यानंतरची, गढवाल रायफल्सच्या गब्बर सिंग नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला ती. इथली जमीन इतकी पाणथळ की जरा खणलं की पाणी, म्हणून खंदकाऐवजी वाळूच्या पोत्यांच्या भिंती रचायचे. गढवालहून आलेल्या पोरांनी त्या चिखलात हिवाळा कसा काढला असेल देव जाणे.

या भारतीय सैनिकांचं स्मारक गावाबाहेर ला बोंबच्या चौकात. हर्बर्ट बेकरने बांधलेलं, म्हणजे दिल्लीचे सेक्रेटरिएट बांधणाराच, १९२७ ला उद्घाटन, फ्रान्सचे मार्शल फॉश आले होते. गोल भिंत, अर्ध्या भागात दगडी जाळी, मधला खांब आणि दोन वाघ एकदम आपल्याकडचे वाटतात. ज्यांची कबरच सापडली नाही अशांची ४,७०० च्या वर नावं आहेत. सॅपर्सचा भाग शोधून सावकाश वाचला, फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले तर काकांचा लगेच मेसेज, आडनावं नीट दिसत नाहीत, झूम करून परत पाठव.