बारावी इनिंग

३० सप्टेंबर २०१४, मंगळवार. कॅन्सस सिटीतल्या हृदयरोग वॉर्डात माझी सात ते सातची नाइट होती. सात वाजून सात मिनिटांनी गावातल्याच कॉफमन स्टेडियमवर बेसबॉलची मॅच सुरू होणार होती, आमच्या गावचा संघ रॉयल्स विरुद्ध ओकलंड. हरेल त्याचा सीझन त्याच रात्री संपणार. रॉयल्सनी १९८५ साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, त्यानंतर एकोणतीस वर्षं त्यांना प्लेऑफचं, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीचं, दार उघडलं नव्हतं.

माझ्या पेशंटांमध्ये एकाहत्तर वर्षांचे एक आजोबा होते. हार्ट फेल्युअर, फुप्फुसात पाणी, पायांवर सूज. लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स चालू होतं. दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून कागदी कपातले बर्फाचे तुकडे चघळत बसायचे. अंगात हॉस्पिटलचा गाउन आणि डोक्यावर रॉयल्सची निळी टोपी.

मी मिरजेची, क्रिकेट बघत वाढले. बेसबॉल त्यांनीच मला दोन रात्रींत शिकवला. पण त्या संध्याकाळी बोलले ते ओकलंडबद्दल. हा संघ एके काळी कॅन्सस सिटीचा होता. १९५५ साली तो गावात आला तेव्हा ते बारा वर्षांचे, वडिलांबरोबर म्युनिसिपल स्टेडियमवर जायचे. तेरा वर्षांत एकाही वर्षी संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. १९६७ चा सीझन संपला आणि मालकाने संघ ओकलंडला हलवला. तिथे त्यांनी १९७२ पासून सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. घरातलं माणूस सोडून गेल्याचं सांगावं तसं ते हे सांगत होते.

त्याच संघाकडून १९६५ साली एकोणसाठ वर्षांचा सॅचेल पेज एक मॅच खेळला. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेत नसत, त्या काळात याच गावच्या मोनार्क्स या काळ्या खेळाडूंच्या संघातून खेळलेला थोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मालकाने गंमत म्हणून त्याच्यासाठी मैदानावर झुलती खुर्ची ठेवली आणि शेजारी एक नर्स बसवली. त्याने तीन इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही. आजोबा तेव्हा प्रेक्षकांत होते. हे सांगून त्यांनी पलंगाशेजारच्या खुर्चीवर थाप मारली, म्हणजे मी बसावं.

मला कुठलं बसायला मिळणार! आणखी चार पेशंट होते. सहाव्या इनिंगला ओकलंडने पाच रन काढले, सात-तीन झालं, आणि मॉनिटर रूममधून फोन आला: तुमच्या पेशंटचे ठोके एकशे बारा, मधूनमधून जास्तीचे ठोकेही पडताहेत. मी धावत गेले. छातीत दुखत नव्हतं, बीपी आणि ऑक्सिजन ठीक. तरी रिमोट हातात घेतला. त्यांनी हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाले, "२००५ साली एकशे सहा मॅच हरलो आम्ही. तेव्हासुद्धा मी मधेच टीव्ही बंद केला नव्हता."

मी डॉक्टरांना कळवलं. ईसीजी काढायला लावला, तो बघून म्हणाले, चालू दे, पण लक्ष ठेव. मग मी चार्टिंगचं कॉम्प्युटर ढकलत त्यांच्याच खोलीत नेलं. मला अजूनही वाटतं, ते बरोबरच केलं.

आठव्या इनिंगपासून रॉयल्स धडाधड बेस चोरायला लागले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठायचा. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी होम रन, म्हणजे आपले षटकार, त्यांचे होते. मोठे फटके नाहीत, पण पाय होते. मला शाळेतला खो-खो आठवला. पिचरचा हात हलला की हे सुटलेच! एका रात्रीत सात बेस चोरले. ओकलंड सात, रॉयल्स सहा. नवव्यात, म्हणजे शेवटच्या इनिंगला, रॉयल्सच्या डायसनने तिसरा बेस चोरला आणि पुढच्या उंच फटक्यावर घरी आला, एक रन. सात-सात. बरोबरी, म्हणून जादा इनिंग.

बाराव्यात ओकलंडने पुन्हा आघाडी घेतली. आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली, पण टीव्हीकडची मान वळवली नाही. मग रॉयल्सच्या हॉस्मरचा ट्रिपल, एका फटक्यात थेट तिसरा बेस, आणि कोलोनच्या बारीक फटक्यावर बरोबरी. दोन आउट, कोलोन दुसऱ्या बेसवर, आणि बॅटवर साल्वाडोर पेरेझ, त्या रात्री पाचही वेळा आउट झालेला. बाहेर जाणारा चेंडू त्याने ताणून ओढला. चेंडू तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हाताजवळून निसटून डावीकडे गेला. कोलोन घरी आला. नऊ-आठ, रॉयल्स जिंकले.

ते ओरडले नाहीत. कागदी कप मुठीत चुरगळला होता, वितळलेला बर्फ बोटांमधून गाउनवर ठिबकत होता, आणि ते तसेच बसले होते, तोंड उघडं, गाल ओले. मी टॉवेल घेतला तर त्यांनी माझा हातच धरून ठेवला. चार तास पंचेचाळीस मिनिटं मॅच चालली होती. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

एक वाजता ठोके ब्याऐंशीवर आले. सकाळी वजन केलं, आदल्या दिवसापेक्षा सव्वा किलोने कमी.

सातला दिवसपाळीच्या नर्सला रिपोर्ट देत होते, तेव्हा आजोबा जागे होते. तिने विचारलं, आज कसं वाटतंय? ते म्हणाले, "पुढची मॅच गुरुवारी आहे, अनाहाइमला. तोवर मला घरी सोडाल का?"