कॅन्ससच्या माळावरील दगडी कोठार : स्प्रिंग हिल रँचची भेट

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, स्ट्राँग सिटीच्या उत्तरेस सुमारे दोन मैलांवर, १७७ क्रमांकाच्या रस्त्यालगत स्टीफन जोन्स या पशुपालकाने १८८१ च्या सुमारास बांधलेली स्प्रिंग हिल रँचची इमारत उभी आहे. बहुतेक पाहुणे उतरत्या छपराच्या देखण्या घरापाशी छायाचित्रे काढून परततात. माझ्या मते मात्र खरा वेळ शेजारच्या तीन मजली कोठाराला द्यावा. स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलेले हे कोठार ११० फूट लांब आणि ६० फूट रुंद असून, टेकडीच्या उताराचा आणि मातीच्या चढणींचा उपयोग करून भरलेल्या गाड्या थेट वरच्या मजल्यावर नेता येतील अशी त्याची रचना आहे.

एवढे भक्कम बांधकाम या एकाकी माळावर का झाले, हे फ्लिंट हिल्स या येथल्या टेकड्यांच्या प्रदेशाची जमीन पाहिल्यावर उमगते. मातीचा थर पातळ आणि त्याखाली लगेच चुनखडी व गारगोटी, त्यामुळे येथे नांगर चालला नाही. उंच गवत टिकले आणि बांधकामाचा दगडही हाताशी राहिला. टेक्सासची गुरे वसंतात रेल्वेने येथे उतरवायची, उन्हाळाभर या गवतावर पोसायची आणि धष्टपुष्ट झाली की पुन्हा डब्यांत चढवून कॅन्सस सिटीच्या बाजारात पाठवायची, असा तो व्यवसाय होता. स्ट्राँग सिटीला नावसुद्धा सांता फे रेल्वेचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांचे मिळाले. जोन्स यांनी १८८८ मध्ये ही मालमत्ता विकली, तीही बार्नी लँट्री या रेल्वेच्या कंत्राटदाराला. गुरे, दगड आणि लोहमार्ग यांचे नाते इतके स्पष्ट दाखवणारी जागा मी अन्यत्र पाहिलेली नाही.

१९९६ पासून हा परिसर राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे आणि प्रवेशशुल्क नाही. कॅन्सस सिटीहून मोटारीने सुमारे दोन तास लागतात. स्वतःचे वाहन हवेच. घर आतून पाहायचे असल्यास त्या दिवशीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. पायवाटांवर सावली जवळपास नाही, म्हणून पाणी आणि टोपी बरोबर असावी, आणि गवतातून परतल्यावर कपड्यांवर गोचीड नाहीत ना, हे तपासावे. २००९ पासून येथे पुन्हा गवे, म्हणजे बायसन, सोडलेले आहेत. त्यांच्यापासून किमान शंभर यार्ड दूर राहावे. गवत पूर्ण उंचीचे पाहायचे तर सप्टेंबर उत्तम. दक्षिणेस कॉटनवुड फॉल्स येथे १८७३ चे चुनखडीतले न्यायालय आहे. जेवणाच्या निमित्ताने तेही पाहून घ्यावे.