घरघर

अंतराळयानातला भयपट फसलाय हे ओळखायला परीक्षण वाचावं लागत नाही. राक्षस पडद्यावर आला तरी थिएटरात पॉपकॉर्न चावल्याचे आवाज चालूच असतील, तर फसला. पुण्यात आणखी एक खूण आहे. मागच्या रांगेतले कुणी तरी काका पुटपुटतात, "असं होत नसतं हो." अलका, राहुल या टॉकीजांत इंग्रजी सिनेमे बघत वाढलेली ही पिढी, आणि त्यातल्या कितीकांचं उभं आयुष्य भोसरी-चाकणला व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर नाहीतर प्रेशर व्हेसलमध्ये गेलेलं. त्यांना भूत चालतं. भुताने यानाचं दार लाथ मारून उघडलेलं चालत नाही.

गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. सात-आठ जण लांबच्या झोपेतून उठतात, कुठून तरी मदतीची हाक आलेली असते, कॅप्टन म्हणतो जाऊन बघू, आणि गेल्यावर म्हणतो वेगवेगळे होऊन शोधू. नळ्यांतून वाफ सुटत असते. कसली, ते विचारायचं नाही. दिवे लुकलुकत असतात. एअरलॉक, म्हणजे यानातून बाहेर पडायची दुहेरी दारांची खोली, अर्धं उघडतं आणि तेवढ्यात मध्यंतर. मुळात मध्यंतर नसलेला सिनेमा आपल्याकडे सोयीच्या जागी कापतात, त्यामुळे चांगल्या भयपटाची पाऊण तास विणलेली भीती समोशाच्या रांगेत उसवते. फसलेल्या सिनेमाचं मात्र काही नुकसान होत नाही.

दोष बहुतेक वेळा राक्षसाचा नसतो, यानाचा असतो. लांबच लांब बोळ, निळा उजेड, सगळ्या दारांना एकसारखे हँडल. कुठला बोळ कुठे निघतो हे दिग्दर्शकालाच ठाऊक नसतं, मग आपल्याला कुठून असणार? १९७९ च्या 'एलियन'मध्ये तो प्राणी पडद्यावर एकूण जेमतेम काही मिनिटं दिसतो. पण त्याआधी यानावरची माणसं जेवतात, बोनसवरून कुरकुरतात, दुरुस्तीला वेळ लागेल म्हणून हुज्जत घालतात. ती कामाची जागा वाटते. वाड्यातल्या अंधाऱ्या जिन्याची भीती वाटते, कारण त्याची कितवी पायरी मोडकी आहे हे पायांना माहीत असतं.

आता ते दार. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आत तेवढाच राखतात, आणि बाहेर जवळपास शून्य. स्वयंपाकघरात शिट्टीच्या बेताला आलेल्या कुकरच्या आत-बाहेरही साधारण एवढाच फरक असतो. म्हणजे अंतराळयान हा एक मोठा कुकर आहे, आणि आपण आतला वरणभात. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं, ते वाफ असताना कितीही जोर लावला तरी निघत नाही, कारण वाफच त्याला काठाशी दाबून धरते. आतल्या बाजूला उघडणारं यानाचं दार तसंच. व्यास ८० सेंटिमीटर धरला तरी त्यावर पाच टनांहून जास्त भार बसतो. नायिकेने दात-ओठ खाऊन ते ओढलं, की काका पुटपुटणारच.

भोकाचा प्रकार याहून गमतीचा. सिनेमात गोळी लागून यानाला बारीक छिद्र पडतं आणि धडधाकट माणूस त्यातून शेवयांसारखा बाहेर ओढला जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात खरंच २ मिलिमीटरचं छिद्र सापडलं. दाब हळूहळू उतरत होता. जमिनीवरच्या लोकांनी आकडे पाहिले, लगेच धोका नाही असं ठरवलं आणि अंतराळवीरांना सकाळपर्यंत झोपू दिलं. सापडल्यावर एकाने त्यावर चक्क बोट ठेवलं. गणित केलं तर एवढ्या छिद्रावरचा भार भरतो सुमारे ३२ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांइतका. मग टेप, आणि शेवटी इपॉक्सी या घट्ट चिकटणाऱ्या डिंकात भिजवलेली पट्टी. पुण्यात छतावरची टाकी गळली तर याहून जास्त आरडाओरडा होतो.

मग अंतराळात भ्यायचं कशाला? पंख्याला.

वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण वर असं काही उरतच नाही. आपण श्वास सोडला की तो तोंडापाशीच घुटमळतो. झोपलेल्या माणसाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचं गाठोडं जमत जातं. म्हणून स्थानकात पंखे रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांची घरघर कधी थांबत नाही. दर माणशी दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सात जणांचा ७ किलो, रोजचा. तो गाळणाऱ्या यंत्रणेपर्यंत हवा पोचवायची ती पंख्यानेच. कार्बन डायऑक्साइड वाढत गेला की आधी डोकं दुखतं, मग चिडचिड, मग विचार मंदावतो. पटकथाकाराला एवढं ठाऊक असतं तर कॅप्टनच्या "वेगवेगळे होऊन शोधू" या मूर्खपणालाही सबळ कारण मिळालं असतं. पण यानात माणसं खुशाल चालत असतात, वजनरहित अवस्था चित्रित करणं महाग पडतं म्हणून, आणि अर्धी भीती तिथेच निकालात निघते.

पुण्यात रात्री वीज गेली की झोप उकाड्याने नाही मोडत, आधी शांततेने मोडते. पंख्याची घरघर थांबली हे कानाला कळतं आणि डोळे उघडतात. २५ जून १९९७ ला रशियाच्या मीर स्थानकावर असंच झालं, फक्त तिथे गॅलरीत जाऊन उभं राहायची सोय नव्हती. हाताने चालवत आणलेलं मालवाहू प्रोग्रेस यान स्पेक्ट्र या खोलीवर आदळलं. हवा गळायला लागली, कानात दडे बसले. खोली बंद करून टाकायची, तर दारातूनच केबलींचा जुडगा गेलेला! वर्षानुवर्षं "तात्पुरत्या" टाकलेल्या वायरी. कुठल्याही सोसायटीच्या मीटररूममध्ये दिसतात तशाच. लाझुत्किन आणि फोल या अंतराळवीरांनी एकेक केबल उपटली, जी निघेना ती सुरीने कापली, आणि अलीकडच्या बाजूने झाकण लावलं. ते दाबानेच घट्ट बसलं. पुन्हा कुकर. पण बरीचशी वीजही त्याच खोलीच्या सौरपट्ट्यांवरून येत होती. स्थानक भरकटलं, बॅटऱ्या उतरल्या, दिवे गेले, पंखे थांबले. एवढ्या मोठ्या स्थानकात अंधार आणि शांतता. कुठल्याही साउंड डिझायनरला यापुढे काही करायचं राहत नाही. त्याने फक्त गप्प बसायचं.

आणि १६ जुलै २०१३. आंतरराष्ट्रीय स्थानकावरचा इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो स्पेसवॉकला गेला आणि हेल्मेटमध्ये मानेमागे पाणी जमायला लागलं. वजन नाही, त्यामुळे ते खाली निथळत नाही. डोक्याला चिकटून पुढे सरकतं. डोळे, मग नाकपुड्या. हात लावून पुसता येत नाही, कारण मधे काच. सूर्य मावळलेला, रेडिओ नीट ऐकू येईना. सुरक्षेच्या केबलची ओढ जाणवत होती, तिच्या दिशेने चाचपडत तो एअरलॉकपर्यंत आला. हेल्मेटमध्ये दीडेक लिटर पाणी निघालं. चौकशीत दोषी निघाला तो सूटमधला पंखा, पंप आणि पाणी वेगळं करणारा भाग मिळून बनलेला एकच जोड. त्यातली बारीक छिद्रं बुजली होती. पोकळीत बुडून मरायची पाळी, तीही चहाच्या दीड थर्मासभर पाण्यात! राक्षस बनवायला कोट्यवधी खर्चणाऱ्यांना हे का सुचत नाही?

नाहीच सुचत. शेवटी यान फुटतं, पोकळीत आवाज पोचत नसताना दणदणीत आवाज करून फुटतं. शेवटचा खेळ असतो. नावं सुरू होताच दिवे लागतात, झाडूवाले रांगांत शिरतात आणि विजेची बचत म्हणून कुणी तरी एसी बंद करतं. दोन तास डोक्यावर चाललेली घरघर थांबते. क्षणभर सगळे मान वर करून बघतात, मग चपला शोधायला लागतात.