थाळनेरच्या घुमटांसाठी वर्गणी काढताना

धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींसारख्या जुन्या वास्तूसाठी ऑनलाइन वर्गणी काढताना पहिली चूक जकातीत, म्हणजे मुस्लिमांवर बंधनकारक असलेल्या दानात, होते. हनफी या सुन्नी पंथातल्या मतानुसार जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. ती भिंतीला लावता येत नाही, गवंड्याची मजुरीही त्यातून भागत नाही. म्हणून पावतीवर सदका (ऐच्छिक दान) किंवा वक्फ (धर्मकार्यासाठी कायमचं दिलेलं दान) असा हेतू स्पष्ट छापा. खातं चालू प्रकारचं उघडा, म्हणजे इस्लामला वर्ज्य असलेल्या व्याजाचा प्रश्नच उरत नाही.

वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीआधी एक रुपयाही गोळा करू नका.

आणि सिमेंट अजिबात नको! ओल आत अडकते, क्षार फुटतात, जुनी वीट भुगा होते. एक भाग मुरवलेला चुना, दोन-तीन भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी) घ्या. तापीकाठच्या उन्हात गिलावा ओल्या गोणपाटाखाली झाका, नाहीतर तडकतो.